डाव्या हाताची संमती

प्रयोगशाळेच्या हवाबंद दारात सापडून डॉ. हेरंब टिळेकरचा डावा हात कोपरापासून तुटला, तेव्हा हेरंबला धक्का बसला. हाताला बसला नाही. तो फरशीवर पडला, क्षणभर थांबला आणि बोटांवर चालत खिडकीतल्या उन्हात जाऊन बसला.

"हेरंब, तो चालतोय!" शल्यविशारद डॉ. शबाना मुलाणी किंचाळल्या.

"चालणारच." हेरंब पांढराफटक पडून भिंतीला टेकला होता. रक्त आपोआप थांबलं होतं. "माझ्याच हरितपेशी आहेत. प्रत्येक पेशी उन्हातून आपलं अन्न आपण बनवते. शिवाय मज्जातंतूंना मी स्वनिर्णय दिलाय. ऊठसूट मेंदूला काय विचारायचं?"

मुक्तभूमीच्या प्रत्येक नागरिकाच्या अंगात या पेशी होत्या. कोणाचं कोणावाचून अडत नव्हतं. लग्नाच्या पंगती गच्चीवर बसत आणि ढगाळ दिवशी वऱ्हाड उपाशी परत जाई.

"लगेच जोडते," शबाना म्हणाल्या. "जखम मिटली की मग हात कायमचा विसर."

हेरंबच्या पायजम्याची नाडी सुटली होती. शबानांनी ती आधी बांधली आणि मग त्या हाताकडे वळल्या. अपघाताची घंटा ऐकून आलेले स्वावलंबन खात्याचे निरीक्षक कदमबांडे दारात उभं राहून हे पाहत होते.

"बाई, नागरिकाला हात लावू नका."

"कोण नागरिक?"

निरीक्षकांनी खिडकीकडे बोट दाखवलं. "राज्यघटना, पहिलं कलम. जो स्वतःचं अन्न स्वतः मिळवतो आणि स्वतःची कामं स्वतः करतो, तो स्वतंत्र नागरिक. त्याच्या संमतीवाचून त्याला कोणाला जोडता येत नाही. कलम लिहिलं कोणी, टिळेकर?"

हेरंबने लिहिलं होतं. तो डावखुरा होता, म्हणजे याच हाताने.

"अहो, पण तो माझा हात आहे! नागरिक मी आहे!"

"होतात. आत्ता बाईंनी तुमची नाडी बांधली, ते मी पाहिलं. तुम्ही आश्रित."

"आणि तो?"

"त्याला पायजमा नाही."

निरीक्षकांनी अदबीने हातापुढे कागद-पेन ठेवलं आणि खणखणीत आवाजात संमती विचारली. त्वचेला कंपनं कळत होती. हाताने थोडा विचार केला आणि हेरंबच्याच वळणदार अक्षरात लिहिलं: 'मला हेरंबला जोडू नये. हेरंबला मला जोडावं. ऊन सरकतं, मला फिरवायला कोणीतरी हवं.' खाली सही, हेरंब टिळेकर.

"सही बरोबर आहे," निरीक्षक म्हणाले. "आजपासून टिळेकर हे. तुम्ही यांचं वाहन."

"कर म्हणावं काय हवं ते!" हेरंब रडकुंडीला आला. "शबाना, जोड बाई एकदाचा!"

शबानांनी जोडला. हेरंबने बोटं हलवून पाहिली. त्यांच्या सवडीने ती हलली. तो सुटकेचा श्वास टाकणार, एवढ्यात त्याचा उजवा पाय दाराकडे निघाला.

"कुठे चाललास?" शबानांनी विचारलं.

"मी नाही चाललो," हेरंब म्हणाला. "फिरवायचं काम कोणाचं, ते पायाने ऐकलंय."

पाय गुडघ्यापर्यंत त्याच हवाबंद दाराच्या फटीत शिरला आणि दार मिटायची वाट बघत स्वस्थ उभा राहिला. डाव्या हाताने घाबरून टेबलाची कड गच्च धरली आणि हेरंबला मागे ओढायला सुरुवात केली.

"घाबरू नकोस," शबानाही त्याला ओढत, धापा टाकत म्हणाल्या. "दार मिटायला बटण दाबावं लागतं. पाय तिथवर पोचायचा नाही."

तेव्हा ज्याला जन्मभर कोणी काही विचारलं नव्हतं, तो उजवा हात शांतपणे बटणाकडे सरकला.