वाकडा स्कोन

हेस्टर आउथवेटची फिरत्या वाचनालयाची गाडी थॉर्नगिलच्या ओढ्यात अडकली, तेव्हा मार्च महिना होता आणि पाऊस त्या खोऱ्यात नेहमी पडतो तसा पडत होता — म्हणजे पडतोय की नुसताच हवेत उभा आहे, ते कळू नये असा. गाडीचं पुढचं चाक दोन दगडांत रुतलं होतं आणि मागच्या फळ्यांवरून एकेक कादंबरी धपाधप खाली येत होती.

पलीकडच्या कुरणात एक तरुण पडलेलं दगडी कुंपण पुन्हा रचत होता. त्याने गाडी पाहिली. हातातला दगड आधी नीट जागेवर बसवला आणि मगच तो सावकाश खाली उतरून आला.

"गाडी बाहेर काढायची, की पुस्तकं इथंच वाटायची?"

"तुम्हाला वाचता येत असेल तर दोन-चार घेऊन जा," हेस्टर म्हणाली. "तेवढंच वजन कमी होईल."

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडते, हे हेस्टरने पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. मग त्याने गाडीला खांदा लावला. गाडी निघाली, पण चिखलाची सगळी मेजवानी त्याच्या अंगावर आली. आता एवढं झाल्यावर माणसाला कोरडे आभार कसे मानायचे? तिने सीटखालचा, घरी भाजलेल्या छोट्या गोड पावांचा डबा उघडून त्याच्यापुढे धरला.

तो डब्यात बघतच राहिला. "हे स्कोन आहेत?"

"दिसत नाहीत?"

"मनुका दिसतायत. पण वर हे पांढरं..."

"आयसिंग. पिठीसाखर आणि संत्र्याचा रस. लीड्सला आमचे बाबा दर रविवारी असेच करतात. का, गुन्हा आहे?"

"आमच्या गावात आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "आणि न्यायाधीश माझी आई आहे."

एवढं बोलून त्याने रस्त्यावर इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि मग अर्धा स्कोन एका घासात तोंडात टाकला. हेस्टरला त्या इकडे-तिकडे बघण्याचं तेव्हा हसू आलं. पुढे ते हसू फार दिवस टिकलं नाही.

त्याचं नाव नेड डिन्सडेल. त्याची आई फ्लॉरेन्स डिन्सडेल म्हणजे थॉर्नगिलच्या वार्षिक जत्रेतल्या पाककृतींची परीक्षक. बाई नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. फ्रूट स्कोनबद्दल, म्हणजे मनुका घातलेल्या स्कोनबद्दल, त्यांचा नियम छापलेला होता: एका ताटात पाच, सगळे सारखे, कडा सरळ, वर काहीही लावायचं नाही. जो हा नियम मोडेल त्याच्या ताटापुढे 'नियमात बसत नाही' अशी गुलाबी चिठ्ठी ठेवली जायची आणि त्या ताटातला कणही बाई चाखायच्या नाहीत. खोऱ्यातल्या बायका वादळाला भ्यायच्या नाहीत, पण त्या चिठ्ठीला भ्यायच्या.

हेस्टरचं भाड्याचं घर ऐन मोठ्या रस्त्यावर होतं. नेड मात्र यायचा तो मागच्या दाराने, शेतांमधून, दर रविवारी. आधी वाचलेलं पुस्तक परत द्यायला म्हणून आला, मग न वाचलेलं परत द्यायला आला, आणि मे महिन्यापर्यंत पुस्तकाचं निमित्तही उरलं नाही; हेस्टर त्याला स्कोन करायला शिकवू लागली.

"लोणी पिठात चोळायचं ते बोटांच्या टोकांनी. तळहात लावू नका, ऊब लागते."

"माझे हात गार असतात."

"बघू." तिने त्याचे हात हातात घेऊन पाहिले. दगडाने सोलवटलेले, खरखरीत, आणि अजिबात गार नव्हते. "खोटं बोलता तुम्ही."

"हो," तो म्हणाला. हात मात्र त्याने काढून घेतले नाहीत.

मनुका रात्रभर गार चहात भिजलेल्या असायच्या. पिठात ताक पडलं की पटकन गोळा करायचा, जाड थापायचा आणि पत्र्याच्या गोल साच्याने कापायचा. नेडचं गाडं इथे दरवेळी अडायचं. साचा खाली दाबला की सवयीने तो मनगटाला एक पीळ द्यायचा, जणू दगडच बसवतोय. पीळ दिला की कड चिकटते, आणि स्कोन भट्टीत एका अंगाने फुगून दारुड्यासारखा कलतो.

"फिरवायचं नाही रे," एका रविवारी हेस्टर त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाली. "सरळ खाली. सरळ वर."

"काय म्हणालीस?"

"सरळ खाली, सर—"

"त्याच्या आधी. 'रे' म्हणालीस."

हेस्टरचे कान तापले. "चुकून गेलं."

"मग परत चूक ना..."

ती परत चुकली. त्या दिवशीचे सगळे स्कोन वाकडे झाले आणि दोघांनी ते ओट्याशी उभं राहूनच संपवले. त्याच्या ओठावरचं आयसिंग तिने अंगठ्याने पुसलं; पुढचं आयसिंग पुसायला अंगठा लागला नाही.

सगळं गोड चाललं होतं, एक सोडून. रस्त्यात भेटला की नेड टोपीला हात लावून "नमस्कार, आउथवेटबाई" म्हणायचा आणि पुढे जायचा. दुकानात गावातल्या मॉड थ्वेटबाई तिच्यासमोर म्हणाल्या, "लीड्सच्या लोकांना फळ कमी आणि साखर जास्त लागते म्हणे," तेव्हा शेजारी उभा असलेला नेड मूग गिळून मेणबत्त्या बघत राहिला. हेस्टरला थ्वेटबाईंचा राग आला नाही. मेणबत्त्यांचा आला.

ऑगस्ट उजाडला. जत्रेच्या आदल्या रविवारी नेड चाचरत म्हणाला, "तू ताट ठेवणार आहेसच, तर... या एका दिवशी आयसिंग नको लावूस. तुझे स्कोन आईला आवडणारच. पहिला नंबर देईल. मग मी तिला हळूच सांगेन, की ती हेस्टर आहे ना..."

"की ती हेस्टर आहे ना, ती खरवडून साफ केली आहे. आता चालेल?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. कित्येक महिने तू माझं आयसिंग चाटून खातोस आणि दारात जाऊन तोंड पुसतोस. नेड, तू मला आवडतोस. फार आवडतोस. पण तू जे पुसतोस ना, ती मी आहे."

"आई ओरडत नाही, हेस्टर. गप्प बसते. घरात आम्ही दोघंच. ती गप्प बसली की मला घड्याळसुद्धा मोठ्याने वाजल्यासारखं वाटतं."

हेस्टरला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून जास्तच राग आला. "तुझं हे तळ्यात-मळ्यात पुरे. मी ताट ठेवणार, आयसिंग लावूनच ठेवणार. आणि जत्रेच्या दिवसानंतर हे मागचं दार बंद. मला भेटायचं असेल तर रस्त्याकडच्या दाराने यायचं."

जत्रेच्या सकाळी चहाच्या आधी मागच्या दारावर टकटक झाली. नेड आत आला. हात धुऊन ओट्याशी उभा राहिला आणि साचा उचलला. हेस्टरने परातभर स्कोन कापले, त्याने एकच. मनगटाने सवय सोडली नाही. भट्टीतून निघालेल्या त्याच्या त्या एका स्कोनकडे हेस्टरने बराच वेळ पाहिलं. परातीत सरळ स्कोन आणखी कितीतरी होते. तरी तिने चार सरळ आणि पाचवा तो वाकडाच ताटात घेतला आणि पाचांवरही हात आखडता न घेता आयसिंग सोडलं.

"तो नको ना घेऊस," नेड म्हणाला. "आईला लगेच कळेल."

"काय कळेल?"

नेड साचा धुवायला वळला.

थॉर्नगिलमध्ये परीक्षण सगळ्यांसमोर होतं. तंबूत बायका आपापल्या ताटामागे उभ्या राहतात, परीक्षक मोठ्याने मत सांगत पुढे सरकते, आणि चारची घंटा होईपर्यंत ताटाला बाकी कुणी बोट लावत नाही. त्या दिवशी डिन्सडेलबाईंच्या मागे चिठ्ठ्यांचं तबक घेऊन मदतनीस म्हणून चालत होता त्यांचा मुलगा. थ्वेटबाईंचा स्कोन बाईंनी हाताने उघडला, हुंगला, "भट्टीत मिनिटभर जास्त" म्हणाल्या आणि पुढे आल्या.

हेस्टरच्या ताटापुढे तंबू शांत झाला. संत्र्याचा वास मात्र शांत बसायला तयार नव्हता.

"आउथवेटबाई, नियम वाचला होतात?"

"पाठ आहे."

"आणि तरी?"

"आणि म्हणूनच."

बाईंनी मागे न बघता हात केला. "नेड, चिठ्ठी." नेडने गुलाबी चिठ्ठी ताटापुढे ठेवली. हेस्टरने त्याच्याकडे पाहिलं, तो चिठ्ठीकडे पाहत होता. तिला वाटलं, संपलं. आता आपण हे ताट उचलायचं, ताठ मानेने बाहेर जायचं, आणि रडायचं ते गाडीत.

पण डिन्सडेलबाई हलल्या नव्हत्या. चष्मा पुढे ओढून त्या वाकल्या होत्या. "साखर मी समजू शकते. हट्ट असतो एकेकाचा. पण चार कडा अशा सुरेख सरळ, आणि हा एक? साचा फिरवलाय. हा तुमचा हात नाही. हा कुणी कापला?"

"ज्याने कापला त्याने सांगावं," हेस्टर म्हणाली.

तंबूचं कापड वाऱ्याने फडफडलं. नेडने तबक टेबलावर ठेवलं.

"मी."

"तू? कधी?"

"आज सकाळी. हेस्टरच्या स्वयंपाकघरात." तो आता थांबला नाही. "आणि वसंतापासून दर रविवारी मी तिथंच असतो, आई. तुला मासे धरायला जातो म्हणून सांगत होतो."

थ्वेटबाईंचा हात तोंडावर गेला. डिन्सडेलबाईंनी चष्मा वर सरकवला. "तरीच," त्या म्हणाल्या. "एक मासा कधी घरात आला नाही."

कुणी हसण्याची हिंमत केली नाही. नेडने ताटातला वाकडा स्कोन उचलला.

"नेड. चारची घंटा झालेली नाही."

"माहीत आहे."

त्याने घास घेतला. या वेळी इकडे पाहिलं नाही, तिकडे पाहिलं नाही. सगळ्या गावासमोर, आईच्या डोळ्यांत बघत, शेवटच्या मनुकेपर्यंत खाल्ला. ओठावर आयसिंग राहिलं, ते पुसलं नाही. "चव तरी बघ, आई."

"नियमात बसत नाही ते मी चाखत नाही," बाई म्हणाल्या. तबक त्यांनी स्वतः उचललं आणि पुढच्या ताटाकडे वळल्या. वळताना मात्र तशाच सुरात म्हणाल्या, "मनगट सैल ठेवत जा. लहानपणापासून सांगतेय."

हेस्टरने चार स्कोनांचं ताट उचललं, गुलाबी चिठ्ठी स्वेटरला टाचली, आणि दोघं भर दुपारी मोठ्या रस्त्याने चालत निघाले. मागून बायका तंबूबाहेर येऊ लागल्या होत्या. पडदे हलत होते. घराशी आल्यावर हेस्टरने किल्ली फिरवली, पण रस्त्याकडचं ते दार ओलीने फुगून चौकटीत घट्ट बसलं होतं. त्या दाराने कधी कुणी आलंच नव्हतं.

"खांदा लाव," ती म्हणाली. "येतं तुला ते."

त्याने खांदा लावला. दार करकरलं आणि धाडकन उघडलं. तो मात्र आत गेला नाही. उंबऱ्यावरच वळला.

"हेस्टर, माझं तुझ्यावर प्रेम आहे."

"अरे... सगळे ऐकतायत."

"म्हणून तर इथं म्हणालो."

हेस्टरने रस्त्यावर नजर टाकली. मग ताट दोन्ही हातांत नीट धरलं, हनुवटी वर केली. "पलीकडच्या बाजूला थ्वेटबाई उभ्या आहेत. त्यांना नीट ऐकू गेलं नसेल. परत म्हण."

तो परत म्हणाला, पहिल्यापेक्षा मोठ्याने.