दोघांतली मधली

कानाची यंत्रं विकणाऱ्या त्या दुकानात गिऱ्हाइकाचा नंबर कधी त्याच्या खऱ्या नावाने साठवत नसत. त्याला कारण होतं. फोन आला की पलीकडचं माणूस "ऐकू येत नाहीये!" एवढंच ओरडणार, कुठला कान, कुठलं यंत्र, ते आपणच ओळखायचं. म्हणून फोनमध्ये नावं अशी होती: 'डावा कान बेकरी', 'दोन्ही कान वकीलकाका', 'शिट्टीवाल्या बाई'. या बाईंचं यंत्र हसताना शिट्टी मारायचं.

ही पद्धत तिनेच सुरू केली होती. दुकानात सगळे तिला ताई म्हणत. घरी ती मधली.

आता भावंडं दोनच, एक दादा आणि एक ही. दोघांत मधलं कुणी नसतं, हे पहिलीतलं पोरही बोटं मोजून सांगेल. पण बाबा म्हणायचे, "धाकटी ती आपली मांजर. मग ही मधलीच नाही का?" मांजर कधी गेली ते तिला आठवत नव्हतं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. बाबा गेल्यावरही आई तिला त्याच नावाने हाक मारी.

दुकानाच्या पुढच्या भागात तिचं टेबल, त्यावर कॉम्प्युटर. मागे डॉक्टरांची खोली, आणि तिच्या टेबलाला लागूनच कान तपासायची काचेची बंद खोली. तिचा फोन दिवसभर खणात पडलेला असे, कारण मेसेजचं ॲप तिने कॉम्प्युटरला जोडून घेतलं होतं. कुणाला कानाचा साचा करणाऱ्याचा नंबर हवा असे, कुणाला बॅटरीवाल्याचा. ती अधिकच्या खुणेवर क्लिक करी, 'कॉन्टॅक्ट' निवडी, नावापुढे बरोबरची खूण करी आणि धाडून देई. यात एक गंमत होती. आपण ज्या नावाने नंबर साठवला असेल, त्याच नावाने तो पुढे जातो. एकदा बॅटरीवाल्याचा नंबर 'उद्या नक्की' या नावाने चार गिऱ्हाइकांना गेला. त्यातले एक निघाले त्याचेच सासरे. त्या दिवशी बॅटऱ्या आजच्या आज आल्या.

असे घोळ झाले की ती एक ठरलेलं वाक्य टाइप करी, 'माफ करा, चुकून गेलेलं दिसतंय.' वाक्य इतकं सवयीचं झालं होतं की बोटं आपोआप चालत.

त्या महिन्यात मात्र तिचं लक्ष कामात नव्हतं. आईच्या दोन्ही कानांत यंत्रं, ती दिवसा घरात एकटी असे आणि अलीकडे दोनदा गॅस चालू ठेवून झोपली होती. दादा दूरच्या शहरात. त्याने फोनवर स्पष्ट सांगितलं, "दिवसभर थांबणारी भरवशाची बाई मिळाली तर ठीक. नाहीतर या महिनाअखेरीला मी आईला घेऊन जातो."

"ती तिकडे रमणार नाही, दादा."

"मग बाई शोध. मी काय हौस म्हणून सांगतोय?"

आईला जायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आई गेल्यावर त्या घरात तिला मधली म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नसतं.

शिट्टीवाल्या बाई एका दुपारी दुकानात आल्या. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, बोलक्या.

"ताई, तुमची धाकटी बहीण फार गोड हो. किती सावकाश, स्पष्ट बोलते! मला एक शब्द परत विचारावा लागला नाही."

"मला बहीण नाही, बाई."

"वा! मग नंबर का पाठवलात?"

तिने चॅट उघडलं. साचेवाल्याचं कार्ड होतं, आणि त्याखाली आणखी एक. 'धाकटी'. नंबर ओळखीचा नव्हता. फोनमध्ये शोधलं, तर असं नाव कुठेच नाही. तिने नंबर लावला. लागला नाही, दुसऱ्या कॉलवर व्यस्त होता.

तिने वाक्य टाइप केलं. 'माफ करा, चुकून गेलेलं दिसतंय.'

"समोरच उभी आहे की मी," बाई म्हणाल्या आणि हसल्या. यंत्राने बारीक शिट्टी मारली.

त्यानंतर वकीलकाकांना तेच कार्ड गेलं. मग बेकरीवाल्याला. प्रत्येकाने त्या नंबरवर फोन केला होता आणि प्रत्येकाचं काम झालं होतं. बेकरीवाला म्हणाला, "ताई, तुमच्यापेक्षा त्याच बऱ्या. तुम्ही घाईत असता." तो चेष्टेनेच म्हणाला, पण तिला ते लागलं.

तिने डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले.

"दोन खुणा पडत असतील. माउस जुना झालाय."

"पण हे नाव फोनमध्येच नाही, डॉक्टर."

"यंत्र आहे ते. कान असो नाहीतर कॉम्प्युटर, नसलेलं ऐकवतातच कधी कधी." त्यांनी नवा माउस मागवला. त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

आईजवळ थांबायला बाई मिळाली ती त्याच आठवड्यात. वकीलकाकांच्या ओळखीची, अनुभवी. तिचा नंबर दादाला पाठवायचा होता, म्हणजे तोही बोलून खात्री करून घेईल. या वेळी तिने डॉक्टरांना शेजारी उभं केलं. नवा माउस. एकच नाव, एकच खूण. पाठवलं. पडद्यावर एकच कार्ड गेलं.

"बघा," डॉक्टर म्हणाले.

तिने खरोखर सुटकेचा निःश्वास टाकला. संध्याकाळी घरी जाताना दादाचा फोन आला. त्याचा आवाज कित्येक दिवसांनी मोकळा वाटत होता.

"चला, मिटलं एकदाचं. आईला हलवायची गरज नाही."

"बोललास त्या बाईंशी? कशा वाटल्या?"

"बाई कशाला आता? धाकटी म्हणाली, मीच बघते. मग मी कशाला परक्या बाईला ठेवू?"

ती रस्त्याच्या कडेला थांबली. मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवून, काहीतरी पुटपुटून गेला.

"कोण धाकटी, दादा?"

पलीकडे तो हसला. "पुरे गं चेष्टा. दमलोय आज." आणि फोन ठेवला.

घरात शिरल्यावर आधी वास आला तो खोबरेल तेलाचा. आई खिडकीशी बसली होती. तिच्या केसांची घट्ट वेणी घातलेली होती. आईचे हात खांद्याच्या वर जात नाहीत, त्यामुळे कितीतरी वर्षांत तिने वेणी घातली नव्हती. ओट्यावर दोन कप धुऊन पालथे ठेवलेले. गॅसची मुख्य चावी बंद.

"आई, कोण आलं होतं?"

"आलं होतं काय, होतीच की दिवसभर. धाकटी."

तिने आईच्या कानातलं यंत्र काढून पाहिलं. सकाळी मळाने बुजलेली त्याची जाळी आता स्वच्छ होती. ती जाळी साफ करायची तर बारीक ब्रश लागतो, आणि ब्रश कसा धरायचा ते शिकावं लागतं. चुकीचा धरला तर मळ आत जातो. हे काम दुकानाबाहेर कुणाला येत नाही.

यंत्र परत बसवून ती आईसमोर खाली बसली. लहान मुलाला समजवावं तसं हळू बोलली.

"आई, धाकटी म्हणजे आपली मांजर. बाबा म्हणायचे ना तसं?"

"मांजर?" आईच्या चेहऱ्यावर खरंच गोंधळ होता. "अगं, यांना मांजराच्या केसांनी धाप लागायची. आपल्या घरात मांजर कधी आलंच नाही."

"मग मला मधली का म्हणायचात तुम्ही?"

आईने तिच्याकडे पाहिलं. पाहत राहिली. एखादा शब्द ओठांवर आहे पण सापडत नाही, तसं. मग तिने विषय बदलला.

"धाकटीनं मला शिकवलं आज, फोनमधून नंबर कसा पाठवायचा ते. तुला कधी वेळ झाला नाही. दादाला एक पाठवूनसुद्धा पाहिला मी."

त्या रात्री तिने एकाच गोष्टीला धरून ठेवलं. आईला भास होत असणार. कान पार गेले की मेंदू आपले आवाज स्वतःच तयार करतो, हे ती गिऱ्हाइकांना रोज समजावून सांगायची. वेणीचं काय, कपांचं काय, दादाचं काय, ते सगळं तिने बाजूला सारलं. निदान कान तरी तपासता येत होते.

दुसऱ्या दिवशी ती आईला रिक्षात घालून दुकानात घेऊन गेली. दुपारची वेळ, डॉक्टर जेवायला गेलेले. तिने आईची दोन्ही यंत्रं काढून डबीत ठेवली. त्यांच्याशिवाय आईला दार आपटलेलंही ऐकू येत नसे. काचेच्या खोलीत बसवून डोक्यावर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं आणि खुणेने सांगितलं, आवाज आला की दाबायचं. आईने मान हलवली. शहाण्या मुलीसारखी ताठ बसली.

दार बंद झालं. आता आतला आवाज फक्त माइकमधून बाहेर येणार.

तपासणीचं यंत्र तिच्या टेबलावर, कॉम्प्युटरच्या शेजारीच होतं. तिने हलका आवाज सोडला. काही नाही. वाढवला. काही नाही. आणखी वाढवला. आई समोर पाहत होती.

अपेक्षेप्रमाणे, असं तिने मनाशी म्हटलं आणि आवाज बंद केला.

हिरवा दिवा लागला.

आईने बटण दाबलं होतं.

तिने काटा पाहिला. शून्यावर. वायर पाहिली. पुन्हा दिवा लागला. थांबला. लागला. कुणीतरी सावकाश, शब्द सुटे सुटे करून बोलावं आणि ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा, त्या लयीत.

मग माइकमधून आईचा आवाज आला. ऐकू न येणारी माणसं मोठ्याने बोलतात. आई अगदी हळू बोलत होती.

"हो, येतंय ना ऐकू. छान येतंय."

दिवा.

"ती? ती बाहेर बसलीय काचेपलीकडे."

दिवा.

"चांगली आहे गं बिचारी. माझी यंत्रं बघते. पण नाव काय तिचं, ते काही आठवत नाही."

मधली उठली. एक हात काचेवर टेकवला, मग दुसरा. आई तिच्याकडे बघून हसली. दुकानात नव्या माणसाकडे बघून हसावं, तसं.

टेबलावर कॉम्प्युटर वाजला.

दादाचा मेसेज होता. ती काचेला हात लावून उभी होती तिथूनच अक्षरं दिसत होती.

'धाकटे, काल आईच्या फोनवरून मला हे एक कार्ड आलंय. नाव मधली. ही कोण? आपण तर दोघंच.'

खाली कार्ड होतं. नंबर तिचा.

तिला उत्तर द्यायचं होतं. एकच शब्द टाइप करायचा होता. पण काचेवरचे हात उचलले तर आईची नजर सुटेल आणि मग ती पुन्हा आपल्याकडे बघणारच नाही, असं काहीतरी तिला वाटलं.

कीबोर्डजवळ कुणी नव्हतं.

पडद्यावर उजव्या बाजूला, जिथे तिची उत्तरं उमटतात तिथे, एक ओळ उमटली.

'माफ कर दादा, चुकून गेलेलं दिसतंय.'

शेजारच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या.