टाकीच्या तळाशी

चिमे, सोमवारपासून तू कारखान्यात रुजू होणार, म्हणून सांगतो. भावालाही जवळ बसव. हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलंय. त्याला विचारू नका, त्याची मान खाली जाते.

नोव्हेंबरातला गुरुवार. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तो कूलिंग टॉवरच्या पाण्याचा नमुना आणायला निघाला. हातात बाटली अन् टॉर्च, नेहमीचंच काम. यंत्रांचं गरम पाणी त्या टॉवरमध्ये वरून तुषारांसारखं पडतं, गार होतं आणि खालच्या टाकीत साठतं. कोमट पाणी म्हणजे शेवाळाचं माहेरच. म्हणून त्यात रोज जंतुनाशक घालायचं. ती जबाबदारी साडूची.

औषध सोडणारा पंप बिघडला होता. दुरुस्त होईपर्यंत बादलीने घालायचं, तर त्या वासाने डोळे चुरचुरायचे. आमच्या साडूसाहेबांनी कंटाळा केला. नोंदवहीत मात्र रोज 'औषध घातले' लिहून सही. एकोणीस दिवस.

टॉवर घासायला एक म्हातारे होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते म्हणाले होते, "साहेब, पाणी बुळबुळीत लागतंय हाताला."

हा हसून म्हणाला, "मामा, तुमच्या हातांचंच वय झालंय."

चार लोकही हसले. मामासुद्धा.

त्या तुषारांतून न दिसणारे जंतू छातीत जातात. मामांना ताप भरला, खोकला लागला. नवव्या दिवशी गेले. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. वय होतं, असं सगळे म्हणाले. साडू भेटायला गेला, तर मामी म्हणाली, "तुमचं नाव काढायचे. पाण्याची फार काळजी घेतात म्हणायचे."

तरी हा गप्प. आता एकदम औषध ओतलं, तर तळाला साचलेला शेवाळाचा सगळा थर सुटून वर येणार, बिंग फुटणार. म्हणून पुढेही घातलं नाही.

तर त्या रात्री तो टाकीच्या कठड्याशी वाकला. बाटली पाण्यात बुडवली.

आतून कुणीतरी खोकलं.

त्याला वाटलं, पाळीवरचा कुणी असेल.

"कोण आहे?"

...

मग आवाज आला. खर्र... खर्र... ब्रशने घासल्यासारखा. पाण्याखालून.

टॉर्च मारला. काळं पाणी. हलत नव्हतं.

खर्र...

"साहेब." अगदी हळू. "पाणी बुळबुळीत आहे."



...

"तुम्ही जा घरी. मी करतो."

आवाजात राग नव्हता, पोरांनो. साडू म्हणतो, रागावले असते तर मी पळालो असतो. पाय हलेनात ते भीतीने नाही, लाजेने.

त्याने तिथूनच मॅनेजरला फोन लावून झोपेतून उठवलं. सगळं सांगितलं, खोट्या सह्यांसकट. पहाट होताच मामीचं दार वाजवलं आणि उंबऱ्यात उभं राहून तेच पुन्हा सांगितलं. मामीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बसा. पाणी देते."

तिने दिलेला पेला त्याला उचलवला नाही.

नोकरी गेली. जायलाच हवी होती.

दुपारी टाकी उपसली तेव्हा त्याला समोर उभं केलं होतं. रात्रभर तिच्यात चार फूट पाणी होतं, कुणी उतरलेलं नव्हतं. तळाला घोट्याएवढा हिरवा थर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

मधोमध दीड हात रुंदीची एक पट्टी. लख्ख. सिमेंट दिसेपर्यंत घासलेली.

अन् पट्टी जिथे थांबत होती, तिथे त्या थरात दोन खळगे. गुडघे टेकल्यावर पडतात तसे.