काचेवरची माळ

अमेरिकेतल्या लढाईने वऱ्हाडच्या कापसाचा भाव चढला आणि अकोल्याच्या गोदामांत पाय ठेवायला जागा उरली नाही. त्यातल्याच एका गोदामात गळ्याच्या तापाचे आजारी कोंडले होते, आणि त्यांच्यासोबत अमरावतीहून आलेले डॉक्टर उत्तमराव. ज्याच्या घशाचा नमुना स्वच्छ निघेल त्यालाच सोडायचं, हा नियम त्यांनीच घातला होता. आता तो त्यांच्याच मानगुटीवर बसला होता. आत ऊन तापलेलं, रुईचे तंतू घामाला चिकटत होते, आणि दाराबाहेर आजाऱ्यांतल्या मनकर्णाबाईचं तान्हं रडत होतं.

"डॉक्टरसायेब, माहा ताप उतरला. लेकरू उपाशी मरून राहिलं, मले जाऊ द्या."

"तुझ्या नमुन्याची काच पाहू दे, मनकर्णाबाई. मग लगेच जा."

खिडकीतल्या उजेडाकडे आरसा वळवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आजवर प्रत्येकाच्या काचेवर एकच गोष्ट दिसली होती: इवल्या गोल मण्यांची माळ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. असले जंतू त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हते. काल काचा एकीला एक लावून भिंगाखाली सरकवताना तर भलतंच दिसलं. आजारी पडल्याच्या क्रमाने काचा लावल्या की एकीवरची माळ सरळ दुसरीवर पुढे चाले. क्रम बदलला की तुटे. योगायोग, म्हणून त्यांनी विषय झटकला.

मनकर्णाबाईची आजची काच कोरी होती. उत्तमरावांना इतका आनंद झाला, की त्यांनी स्वतः दाराची कडी काढली.

"पळ!"

ती धावली आणि उंबरठ्यावर थबकली.

"काहून थांबली वं?" बाहेरून तिची बहीण सत्यवती ओरडली.

"मांगून कोणीतरी ओढून राहिलं."

मागे कोणीच नव्हतं. तिच्या आधी आजारी पडलेली पार्बताबाई आणि तिच्या नंतरचा सहदेव घोंगडीवर गळा धरून पडले होते. मनकर्णाबाईने पुढे जोर केला की दोघंही कळवळत.

आपलंच काहीतरी चुकतंय, उत्तमराव स्वतःशी म्हणाले. खात्री करायला त्यांनी स्वतःच्या घशाचा नमुना घेतला. अंगात ताप नव्हता, घसा ठणठणीत होता.

काचेवर माळ होती.

त्यांनी ती काच पार्बताबाईच्या आणि सहदेवच्या काचेमध्ये, मनकर्णाबाईच्या जागी ठेवून भिंगातून पाहिली.

मणी मण्याला लागला.

त्याच क्षणी मनकर्णाबाई दाराबाहेर धडपडत गेली. लेकराचं रडणं थांबलं, चुटूचुटू दूध पिण्याचा आवाज आला. उत्तमरावांना गहिवरून आलं.

मग ते भ्याले. औषधांची पेटी तिथेच टाकून ते उघड्या दाराकडे निघाले.

उंबरठ्यावरून पाऊल पुढे पडेना.

"हळू, डॉक्टर," मागून पार्बताबाई म्हणाली. "आमाले लागते."