पिवळ्या हातांची बहीण

निरांजनाची ज्योत थरथरली… दार लोटलेलं होतं, वारा कुठलाच नव्हता, तरी थरथरली! पाटावर वसंत बसला होता. मांडीवर साऱ्या कॉलेजांना हरवून आणलेली चकचकीत ढाल, कपाळावर ओलं कुंकू… आणि थोरली बहीण देवकी त्याला ओवाळत होती. आई मनकर्णाबाई भिंतीला टेकून लेकाकडे अशी पाहत होती, जणू तिचे गेलेले धनी रुपरावच पुन्हा घरात येऊन बसले होते.

"पण बोलला काय गा तू?" आईनं विचारलं. "आम्हाले बी सांग ना! लोकायनं टाळ्या काही फुकट नसतीन वाजवल्या."

वसंत सावरून बसला. सरकारची गुपितं फोडणं हा गुन्हा की कर्तव्य, असा वादसभेचा विषय होता. ते साल एकाहत्तर. तिकडे अमेरिकेत कुणीतरी व्हिएतनामच्या लढाईचे गुप्त कागद वर्तमानपत्रांना देऊन टाकले होते, आणि इकडे आपल्या पूर्वेच्या सीमेवर युद्धाचे ढग दाटत होते. वसंत 'कर्तव्य' या बाजूनं बोलला होता. आता त्यानं तोच व्यासपीठावरचा आवाज लावला.

"'परक्यांची उदाहरणं कशाला? आपल्या याच शहरात पिवळ्या हातांच्या बाया तोफेचे गोळे भरतात! आधीचे गोळे रणगाडे फोडायचे. नवे आले आहेत ते लोखंड फोडत नाहीत, माणसं फोडतात! त्यातून उडणारी खिळ्यांसारखी टोकं कुणाच्या डोळ्यांत शिरतील, हे त्या बायांना ठाऊक आहे… आणि घरी येऊन भात कालवताना त्यांचा हात अडतो! हे जनतेनं जाणूच नये?' बस्स, ताई! सारा हॉल उभा राहिला!"

देवकीच्या हातातलं तबक कललं. तिचेच शब्द… शब्दन् शब्द तिचा!

ती ते बोलली होती, तो तान्ह्या पोळ्याचा दिवस होता. मारबतीची मिरवणूक पाहून परतणारी गल्लीतली पोट्टी तिच्या मागे लागली होती, "पिवळी मारबत! घेऊन जा वं मारबत!" साऱ्या गावाची पीडा अंगावर घेऊन जळून जाणारी ती पिवळी बाहुली… देवकी हसत हसत घरात शिरली आणि चुलीपुढे बसून हुंदके देऊ लागली. वसंतानं जवळ बसून विचारलं, तेव्हा अंतःकरणात कोंडलेलं सगळं बाहेर पडलं. "हाताच्या रंगाचं नाही रडून राहिली गा मी. ह्या हातानं जे होते, त्याचं रडून राहिली." आणि शेवटी त्याचा हात आपल्या मानेवर ठेवून ती म्हणाली होती, "बाहेर बोलू नको वसंता. तुले माह्या गळ्याची शपथ. कारखान्यात आम्ही चूप राहाचा शब्द देऊन आत जातो."

"तू… शपथ घेतली होती ना गा?" देवकीनं तबक खाली ठेवलं.

"पण मी नाव कुठं घेतलं तुहं?" वसंत निरागसपणे हसला.

नाव घेतलं नव्हतं… पण हात सांगितले होते! आणि तसे हात त्या वस्तीत दोघींचेच होते, एक देवकीचे आणि दुसरे शेजारच्या इंदूबाईचे.

गावाबाहेरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात रुपराव स्फोटात गेले, तेव्हा वसंत चड्डी घालून शाळेत जात होता. त्यांच्या जागी देवकीला कामावर घेतलं. मॅट्रिकची पुस्तकं तिनं स्वतःच्या हातानं फडक्यात बांधून माळ्यावर टाकली आणि दारू भरण्याच्या खात्यात उभी राहिली. त्या दारूचा पिवळा रंग तळव्यांत, नखांत, केसांच्या मुळांत उतरला, तो कितीही घासला तरी जाईना. स्थळं आली, हात पाहून परत गेली. जात्यावर बसली की ती आपल्याच मनाशी गुणगुणे…

*पिवळे माझे हात बाई, नाही हळद लागली*
*भाऊरायाच्या शाळेची वात त्यांनीच लावली*

आणि त्या भाऊरायाला याच हातांची लाज वाटे! त्याचे कॉलेजचे दोस्त घरी आले की चहा आई नेऊन देई, देवकी दाराआड उभी राही. एकदा तिनं तिथूनच ऐकलं होतं. मधुसूदन नावाचा दोस्त विचारत होता, "तुझ्या बहिणीचे हात असे कसे रे?" आणि वसंत म्हणाला होता, "कावीळ आहे तिला. जुनी आहे." ते तिनं गिळलं होतं. पण घरी ज्या हातांवर पदर ओढायचा, तेच हात सभेत उघडे करून टाळ्या घ्यायच्या… अरेरे! हे कुठल्या घोटानं गिळावं?

दुसऱ्या दिवशी भाषण पेपरात छापून आलं, बोलणाऱ्याचं नाव न देता; पण ढाल कुणी आणली ते गल्लीला ठाऊक होतं. नळावर इंदूबाई उभी होती. एरवी थट्टेशिवाय तिचं तोंड उघडत नसे, "आपल्याले बाप्पा हळदीचा खर्च नाही!" म्हणून खदखदा हसणारी ती बाई आज दगडासारखी उभी होती.

"वाचून दाखवलं वं मले शेजारच्या पोरीनं. पिवळ्या हाताच्या बाया म्हणे! नाव तेवढं टाकाचं राहिलं."

"इंदूबाई, मी…"

"माहा लहानू तिकडं सीमेवर उघड्यात बसून हाय. त्याच्या डोक्यावरून जाणारे गोळे त्याच्या मायनं भरले, एवढ्यावर मले झोप लागते. अन् तुहा भाऊ त्याच्यावर ढाली आणून राहिला! काहून वं? आमचं पोट्टं मेलं त चालते काय त्याले?"

देवकीची मान खाली गेली. इंदूबाई खोटं बोलत नव्हती. वसंतही खोटं बोलला नव्हता. दोन सत्यांच्या मधोमध ती एकटी उभी होती, आणि दोन्हीकडून तिलाच लाज येत होती!

कारखान्यात साऱ्या खात्याच्या बाया अंगणात उभ्या केल्या होत्या. साहेब म्हणाले, "बाहेर कुणी सांगितलं त्याचं नाव येईपर्यंत एकही बाई आत जाणार नाही. पगार बंद." कुणाचा नवरा दारुडा, कुणाचं लेकरू अंगावर… देवकी पुढे झाली.

"मी सांगतलं, साहेब."

"कुणाला?"

त्या एका शब्दासरशी तिच्या डोळ्यांपुढे ढाल घेऊन बसलेला वसंत उभा राहिला. त्याचं शेवटचं वर्ष, दारात पोलीस, आईचा आकांत… तिनं डोळे मिटले.

"नळावर बोलली. पाणी भरता भरता. कोणं ऐकलं, मले काय माहीत?"

रांगेत उभ्या इंदूबाईनं झटकन मान वर केली, देवकीकडे पाहिलं… आणि तोंड मिटून घेतलं. त्याच दिवशी देवकीचं काम गेलं.

घरी तिनं एवढंच सांगितलं, "मी सोडलं."

"वा ताई!" वसंतानं टाळी वाजवली. "माह्या भाषणानं एक तरी माणूस त्या पापातून सुटला!"

देवकी दुसऱ्याच दिवशी लाटणं घेऊन निघाली. लोकांच्या घरी पापड-शेवया लाटायला जाऊ लागली.

डिसेंबरात युद्ध पेटलं. काचांना काळे कागद लागले, रेडिओभोवती गल्ली गोळा होऊ लागली. आणि ढाक्याची बातमी आली त्या दिवशी हाच वसंत, ढाल जिंकून आणणारा वसंत, चौकात गुलाल उधळत नाचला! देवकीलाही आनंदाचं भरतं आलं, ती दारात येऊन हसली… आणि त्याच क्षणी तळवे पदरात लपवून आत गेली. तिनं भरलेले ते गोळेही फुटले असतील ना कुठेतरी?

लहानू सुटीवर आला तो थंडी ओसरताना. इंदूबाई त्याला आणि पेढ्यांचा पुडा घेऊन देवकीकडे आली. लहानूनं पुडा देवकीपुढे ठेवला. मग म्हणाला, "ताई, तुमचे गोळे आमच्या पुढं पडले म्हणून मी आज इथं बसलो हाय. हे खरं हाय. पण सकाळी त्याच जागेवरून चालत जावं लागलं. एक पोट्टा पडला होता… वसंताएवढा. मिसरूडही फुटलं नव्हतं नीट. म्हटलं, डोळे मिटवावे बिचाऱ्याचे… त डोळेच नव्हते, ताई."

देवकीनं पेढ्यांचा पुडा बाजूला सरकवला.

"मी हेच म्हटलं होतं!" वसंत उसळून म्हणाला. "हेच सांगितलं होतं सभेत!"

"तू?" इंदूबाई ताडकन उठली. "तू काय सांगतलं गा? ते हिच्या काळजातलं होतं, तू उचललं! साहेबानं इचारलं, कोणाले सांगतलं? त म्हणे, नळावर बोलली! अरे, नळावर रोज मीच हिच्या बाजूले उभी, ही एक शब्द बोलली नाही कधी! तुहं नाव वाचवाले खोटं बोलून घरी बसली ही. अन् मी हिच्या तोंडाकडं पाहून चूप राहिली."

वसंताचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं देवकीकडे पाहिलं आणि जिथे होता तिथेच खाली बसला.

"ताई… मी साऱ्या सरकारची गुपितं फोडाले निघालो होतो अन् माह्या घरात…" पुढचे शब्द हुंदक्यात बुडाले. "मी उद्याच जातो साहेबाकडं. खरं सांगतो."

"तिथं सांगून तू गुन्हेगार ठरशीन, अन् मी खोटी," देवकी म्हणाली. "तुहं बोलणं खोटं नव्हतं, वसंता. फक्त मले एकदा इचारलं असतं ना… त मीच आली असती त्या सभेत. हे हात घेऊन! खरं सांगाचंच असंल, त जिथं खोटं बोलला तिथं सांग. तुह्या दोस्तायले."

तिला ठाऊक होतं! कावीळ तिनं ऐकली होती! वसंतानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

उन्हाळा लागता लागता एका संध्याकाळी दोस्तमंडळी घरी जमली. सवयीनं देवकी दाराआड उभी राहिली, आईनं कप भरले. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "ताई, चहा तूच आण."

ती आली. मधुसूदन अदबीनं सरकून बसला. "ताईंची कावीळ बरी झाली वाटतं?"

"कावीळ नव्हती कधीच." वसंत उभा राहिला. "मी खोटं बोललो होतो. माझी बहीण गोळे भरायची, त्या पगारावर मी शिकलो, आणि मला तिच्या हातांची लाज वाटायची. ज्या वाक्यावर तुम्ही टाळ्या वाजवल्या, ते हिचं होतं. शपथ मोडून चोरलं मी. त्यापायी हिचं काम गेलं… पाहा, हे बघा ते हात!"

त्यानं सर्वांसमोर तिचे दोन्ही तळवे उघडून धरले… आणि थबकला.

तळवे साधे होते, गव्हाळ, पापडखारानं फाटलेले. महिन्यांमागून महिने तो रंग उतरत गेला होता, आणि त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं! तो वेड्यासारखा नखांच्या कडा शोधू लागला, एकेक बोट उलटून पाहू लागला, आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या तळव्यावर टपटप पडू लागलं.

"ताई… गेला वं सारा रंग?"

"हातावरून गेला गा," देवकी हळूच म्हणाली.

पण तिनं आपले हात सोडवून घेतले नाहीत. चहा निवत राहिला.