पहिल्या सिलिंडरवरचा अंगठा

लाईट येईल तेव्हा येईल. अंतरा, तो मोबाईलचा उजेड बंद कर, बॅटरी राहू दे. आणि अभिराम, तू जिन्यातून विचित्र आवाज काढणं थांबव. भीतीच हवी असेल तर केरबा मिस्त्रीची गोष्ट सांगतो. ऐकीव नाही. केरबानं स्वतः मला सांगितली, आणि तिचा शेवट मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालू झालं तेव्हापासूनची आमची ओळख. गगनबावड्याच्या रस्त्याला, कळे गावाच्या पुढं त्याचं गॅरेज. पुढं पत्र्याची शेड, मागं दोन खोल्या. शेडमधून एक दार थेट स्वयंपाकघरात जातं. त्या दाराची लाकडी चौकट लक्षात ठेवा.

केरबा जुन्या पेट्रोल गाड्यांचा माणूस. त्याच्या कामातली एकच गोष्ट तुम्हाला कळायला हवी. इंजिनात कॅमशाफ्ट नावाचा दांडा असतो, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. तो नवा घातला की डिस्ट्रिब्युटर नव्यानं जुळवावा लागतो, म्हणजे कुठल्या प्लगला ठिणगी कधी द्यायची ते ठरवावं लागतं. त्यासाठी पहिल्या सिलिंडरमध्ये दाब भरून पिस्टन अगदी वर यायला हवा. पुढच्या पुलीवर त्याची खूण असते. पण नुसत्या खुणेवर भरवसा ठेवला की फसगत होते. इंजिन हातानं फिरवायच्या हँडलच्या दोन फेऱ्यांत ती दोनदा वर येते, आणि दाब एकदाच असतो. दुसऱ्या वेळी पिस्टन येतो, पण आत काही नसतं. खरी वेळ ओळखायची तर पहिला प्लग काढायचा आणि त्या भोकावर अंगठा दाबून धरायचा. दाब आला की हवा अंगठा उडवते.

"म्हणजे दोन माणसं लागणार," अभिराम म्हणाला.

लागतात. एक हँडलला, एक अंगठ्याला. केरबाकडं दुसरं माणूस म्हणजे त्याची बायको, तानाबाई.

मी कितीदा ते पाहिलंय. हा हँडल धरून ओरडायचा, "अगं ए, ये की जरा!"

आतून उत्तर यायचं, "भाकरी तव्यावर हाय!"

"करपू दे. गाडी उभी हाय हितं."

"करपू दे म्हनं. खानार कोन, गाडी?"

पण यायची. पिठाच्या हातानं यायची, भोकावर अंगठा ठेवायची आणि तोंड फिरवून रस्त्याकडं बघत राहायची. केरबा हँडल सावकाश फिरवायचा. फट् आवाज झाला की ती म्हणायची, "आला." बस, एवढंच. आणि आत जाता जाता तो काळा अंगठा दाराच्या चौकटीला पुसायची.

"चौकट हाय का फडकं हाय ते?"

"तुमच्या गाडीचं हाय. तुमीच पुसा."

अठ्ठावीस वर्षं. खांद्याच्या जरा खाली चौकट काळीकुट्ट झाली होती.

तानाबाई गेली २०२३ च्या जानेवारीत. चार दिवसांचा ताप, पाचव्या दिवशी नाही. केरबानं पिठाचा डबा धुऊन पालथा घातला. दोन वेळचा डबा शेजारच्या चिमणाबाईकडून येऊ लागला. वर्षश्राद्धाला पुण्याहून मुलगा आला, आदर्श. गुणी पोरगा. त्यानं घराला रंग दिला. ती चौकटही घासली आणि तिला पिवळसर पांढरा रंग लावला. केरबा बाजारातून आला आणि दारात उभा राहून चौकटीकडं बघत राहिला.

आदर्शला बापाची काळजी होती. एकटा माणूस, रस्त्याकडेचं घर. तो म्हणाला, "आबा, चला आता माझ्यासंगं. हितं कुनासाठी ऱ्हायचं?"

केरबा म्हणाला, "काम हाय हातात."

मलकापूरच्या हंबीररावांची अँबॅसॅडर शेडमध्ये उभी होती. कॅमशाफ्ट पार झिजलेला. शिरोली एमआयडीसीतून नवा करून आणला होता, गॅस्केट माझ्याकडून नेली होती.

पुण्याला परत जाता जाता आदर्शनं सरळ सांगितलं, "गुरुवारी सकाळी आठला टेम्पो घेऊन येतो. तवर ही गाडी चालू झाली तर तुमी म्हनाल तसं. न झाली तर शेडला कुलूप. बरं का आबा, शब्द द्या."

केरबानं दिला. त्याला ते घर सोडायचं नव्हतं. का, ते त्यानं मुलाला सांगितलं नाही. मला सांगितलं, ते शेवटी सांगतो.

बुधवार, १७ जानेवारी २०२४. दिवस मावळता मावळता कॅमशाफ्ट बसला, पुढचं झाकण लागलं. राहिला डिस्ट्रिब्युटर. केरबानं हँडल फिरवलं. पुलीची खूण वर आली. तो थांबला. सवयीनं थांबला, ती 'आला' म्हणेल म्हणून. किती वेळ थांबला त्यालाही सांगता आलं नाही. मग भानावर आला आणि नुसती खूण बघून डिस्ट्रिब्युटर बसवून टाकला.

गाडी चालू होईना. स्टार्टर मारला की कार्बोरेटरमधून फाडकन उलटा बार. पुन्हा मारला, पुन्हा तेच. तुम्हाला आता कळलं असेल काय चुकलं ते. कुठल्याही मिस्त्रीला कळलं असतं. त्याला त्या रात्री कळलं नाही. त्याला वाटलं, कॅमशाफ्ट फिरवणारी आतली चेनच चुकीच्या दातावर बसली. म्हणजे सगळं पुढून परत खोलायचं, आणि आठच्या आत ते होणार नाही.

चिमणाबाईचा डबा तसाच राहिला. बारापर्यंत रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. मग त्याही थांबल्या. थंडी पत्र्यातून उतरत होती.

पावणेदोनला तो उठला. झाकण खोलायच्या आधी खूण वर आणून ठेवावी लागते. हँडल हलकं फिरावं म्हणून त्यानं चारही प्लग काढले. बॉनेटला बल्ब टांगला आणि गाडीपुढं वाकून हँडल धरलं.

प्लग नसले की प्रत्येक भोक आपल्या पाळीला फुसकारतं. फुस्स... फुस्स... फुस्स... फुस्स... चार वेळा. चौथा फुसकारा पहिल्या सिलिंडरचा. मग पुन्हा तेच.

तो फिरवत होता.

फुस्स... फुस्स... फुस्स...

चौथा आवाज आला नाही.

हँडल जड झालं.

त्याला वाटलं, काहीतरी अडकलं. उलटं फिरवलं. हलकं होतं. पुन्हा सुलटं घेतलं. एक. दोन. तीन...

जड.

अडकल्यासारखं नाही. मऊ जड. अंगठा ठेवल्यावर होतं तसं. अठ्ठावीस वर्षं त्याच्या मनगटाला ते ठाऊक होतं.

त्यानं मान वर केली नाही. बल्ब त्याच्या डोक्यावर होता. वर बघितलं असतं तर इंजिनापलीकडचं सगळं दिसलं असतं.

त्यानं जोर लावला. हळू. आणखी थोडा...

फट्.

मग काही नाही. रस्ता गप्प. बल्ब हलत नव्हता.

तो तसाच वाकलेला. डोळे पुलीवर. खूण बरोबर वर आली होती.

"आला?" त्यानं विचारलं.

...

त्याच्या पाठीमागं, म्हणजे रस्त्याकडं, कुणी नव्हतं. पुढं, इंजिनापलीकडं, स्वयंपाकघराचं दार होतं. ते सावकाश वाजलं. उघडलं की मिटलं, त्याला कळलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली. शेडमध्ये कुणी नव्हतं. दार पुढं लोटलेलं होतं. त्यानं डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आतला रोटर, म्हणजे ठिणगी वाटणारा काटा, पहिल्याऐवजी चौथ्या प्लगकडं तोंड करून उभा होता. अगदी उलटा. चेन बरोबर होती. त्यानं संध्याकाळी पोकळ खूण धरली होती, एवढंच.

डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा फिरवून बसवला. प्लग लावले. स्टार्टर मारताच गाडी चालू झाली, आणि शिवणयंत्रासारखी चालत राहिली.

अंतराला चिकटून बसलेली तेजस्वी हळूच म्हणाली, "आणि मग आत जाऊन बघितलं त्यांनी?"

नाही. सकाळपर्यंत तो गाडीत बसून राहिला. मी हेच विचारलं होतं, "केरबा, भ्यालास?" तो म्हणाला, "भ्यायचं काय त्यात? पर आत गेलो आनि कोनच नसलं, तर?"

घर का सोडायचं नव्हतं, तेही त्यानं तेव्हाच सांगितलं. म्हणाला, "पुण्याच्या घरात तिनं कधी पाय ठेवला न्हाई. तितं ती मला कशी हुडकंल?"

आठला आदर्श टेम्पो घेऊन आला. गाडी चालू होती. शब्द म्हणजे शब्द. तो हसला, म्हणाला, "जिंकलासा आबा. च्या तरी करतो." आणि आत गेला. लगेच त्याची हाक आली.

"आबा! नव्या रंगाला हात कुनाचा लागलाय ह्यो?"

केरबानं आतापर्यंत त्या दाराकडं पाठ केली होती. तो उठला. पाहिलं. मुलाला म्हणाला, "ऱ्हाऊ दे. पुसू नगंस." आदर्शनं बापाच्या तोंडाकडं बघितलं आणि चहा ठेवायला वळला. टेम्पो रिकामा परत गेला.

महिन्याभरानं मी मुद्दाम गेलो.

"त्यांचाच असेल," अंतरा म्हणाली. "रात्री काम करता करता लागला असेल, लक्षात नसेल."

असेल. मीही त्याला तेच म्हणालो. तो नुसता बाजूला झाला आणि मला चौकटीजवळ उभं केलं. खांद्याच्या जरा खाली, पिवळसर पांढऱ्या रंगावर, ओढत पुसलेला एक काळा अंगठा. मी चष्मा लावून पाहिला. तेलात काहीतरी पांढरं चिकटून सुकलं होतं. रंगाचा पापुद्रा वाटला, म्हणून नखानं जरासं खरवडलं आणि बोटांत चुरून पाहिलं.

ज्वारीचं पीठ होतं.

आतल्या खिडकीत तिचा पिठाचा डबा अजून पालथाच होता.