तोवर बसतो मी

"अरे थांब, मागे सरकू नकोस—"

ती ओरडली खरी, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. छपाईच्या खोलीत दोरीवर वाळत घातलेला ओला कागद त्याच्या पाठीला चिकटला, आणि तो वळला तेव्हा पांढऱ्या शर्टावर निळा पट्टा उमटला होता.

"गेला माझा कागद," ती म्हणाली.

"आणि माझा शर्ट?"

"शर्ट धुता येतो."

तो हसला. तिनेही हसू लपवायला म्हणून उगाच शाईचा डबा बंद केला.

तो सिनेमाच्या वर्गात शिकत होता. मित्र त्याला 'डायरेक्टर' म्हणत, थोडं कौतुकाने आणि बरंचसं चिडवायला. त्याची शेवटच्या वर्षाची शॉर्टफिल्म होत आली होती, दाखवायची तारीखही ठरली होती, आणि पोस्टर करून देणाऱ्या मित्राने ऐन वेळी हात वर केले होते. म्हणून तो इथे तिच्याकडे आला होता; कॉलेजची पोस्टरं तीच करायची.

"गोष्ट काय आहे?" तिने विचारलं.

"एक शिंपी आणि त्याचा मुलगा. दिवसभर एकाच दुकानात बसतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत."

"का?"

"ते... मलाही अजून नीट कळलेलं नाही."

हे उत्तर तिला आवडलं. आपल्याला कळलं नाही असं सांगणारा डायरेक्टर तिने पहिल्यांदाच पाहिला होता.

त्याने सगळ्या चित्रीकरणाची हार्ड डिस्क तिच्या हवाली केली. "यातलं हवं ते घे, पोस्टरवाली. एडिटिंग संपलं नाही, त्यामुळे सलग फिल्म आत्ता दाखवता येणार नाही." त्यानंतर तो रोज काही ना काही निमित्ताने यायचा. कधी अक्षरं बघायला, कधी रंग बघायला. एकदा तर काहीच न सुचून म्हणाला, "पंखा नीट चालतोय ना, बघायला आलो."

"चालतोय," ती म्हणाली. "पण तू बस. बघत राहा."

तो गेला की खोली रिकामी वाटे. आपण या मुलाच्या प्रेमात पडतोय हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच पोस्टर असं करायचं होतं की त्याने बघतच राहावं. तिने डिस्क कोपरान् कोपरा चाळली. 'लाइट टेस्ट' नावाच्या फोल्डरमध्ये तिला एक म्हातारा शिंपी सापडला. खिडकीशी बसून, डोळे बारीक करून सुईत दोरा ओवणारा. फिल्ममधला नट देखणा होता, पण हा माणूस खरा वाटत होता. असेल कोणी छोट्या भूमिकेतला, असं तिला वाटलं. तिने आवाज बंद ठेवूनच ती फ्रेम उचलली, निळ्या रंगात छापायची म्हणून बसवली आणि त्याला पाठवली. तो तेव्हा आवाजाच्या कामात गळ्यापर्यंत बुडाला होता. चित्र न उघडताच अंगठा पाठवून मोकळा झाला.

पोस्टरं छापून झाली, भिंतींवर लागली, मोबाइलवरून गावभर फिरली. सगळे वाहवा करत होते. तो मात्र जिन्याशी पोस्टरसमोर उभा राहिला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आवडलं नाही?" तिने घाबरत विचारलं.

"हा शॉट फिल्ममध्ये नाहीये."

"म्हणजे?"

"नट यायच्या आधी प्रकाश तपासायला कोणालातरी त्याच्या जागी बसवतात. त्या दिवशी... माझे बाबा बसले होते. दुकान त्यांचंच. शूटिंग संपायच्या आत ते गेले. तो फोल्डर मी परत उघडलाच नाही."

जीव ओतून केलेलं काम नेमकं त्याच्या जखमेवर जाऊन बसलं होतं.

"काढते," ती म्हणाली. "सगळी काढते."

बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. ती फाटकाजवळच्या भिंतीवरचं पोस्टर नखांनी सोडवत होती, तेवढ्यात तोही शेजारी येऊन दुसरं टोक सोडवू लागला. मग त्याचा फोन वाजला. आईचा होता, आणि तिचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"अरे, मामाने पाठवलं मला. किती छान आलेत रे हे! चष्मा लावा म्हणून मी कानीकपाळी ओरडायचे, कधी ऐकलं? बघ कसे डोळे बारीक करून बसलेत." मग आई जरा थांबली. "हे कुठे येतात रे पिक्चरमध्ये? आधी सांगून ठेव मला. एकदम समोर आले तर... मला तयारीने बसू दे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. हातातलं ओलं पोस्टर तसंच अर्धवट लोंबत होतं.

"शेवटी येतात, आई," तो म्हणाला.

त्याने फोन खिशात टाकला. "बोलून तर बसलो, आता तो शॉट शेवटी घालावा लागेल. पण मला बघवणार नाही गं ते."

"मी बघते," ती म्हणाली. "तू नुसता शेजारी बस."

एडिटिंगच्या खोलीत तिने फोल्डर उघडला आणि या वेळी आवाजही चालू केला. पडद्यावर बाबा दोरा ओवत होते. कॅमेऱ्यामागून त्याचाच आवाज आला, "बाबा, हलू नका ना." बाबांनी वर पाहिलं, हसले. "बरं बरं. तुझा हिरो आला की सांग मला, मी उठतो. तोवर बसतो मी."

तो ओंजळीत तोंड लपवून रडला. तिने शाईने माखलेला हात त्याच्या पाठीवर ठेवला, आणि तो शांत होईपर्यंत काढला नाही.

फिल्म दाखवायच्या दिवशी सभागृह भरलं होतं. ती मागे दाराशी उभी होती. तो तिला हाताला धरून पुढे घेऊन आला, आईच्या शेजारच्या खुर्चीपाशी.

"ही तर तुझ्या नटाची जागा आहे," ती कुजबुजली.

"त्याला उशीर होणार आहे."

"बरं. तो आला की उठेन."

फिल्मच्या शेवटी दुकान रिकामं झालं, आणि मग खिडकीशी बाबा आले. "...तोवर बसतो मी." आईने डोळ्यांतलं पाणी न पुसता समोर पाहिलं आणि हळूच म्हणाली, "चष्मा कुठे ठेवलात हो?"

दिवे लागले तेव्हा नट दाराशी उभा होता. ती लगबगीने उठायला गेली, तर शेजारी बसलेल्या डायरेक्टरने तिचा हात घट्ट धरला.

"बस."

"अरे, तो आलाय—"

"येऊ दे. मला तू इथे हवी आहेस. आज, आणि... नंतरही. तू उठू नकोस."

आईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्या गुंतलेल्या हातांकडे. मग आपली पर्स पलीकडच्या खुर्चीवरून उचलून मांडीवर घेतली.

"बस गं बाळा, नीट टेकून बस," ती म्हणाली. "त्याला ही खुर्ची देते."